मिशिगनमध्ये सीपीएल काढायचंय? अर्ज कसा करायचा आणि किती दिवस धरायचे

मिशिगनमध्ये कमरेला, कपड्याआड पिस्तूल लावून फिरायचा परवाना म्हणजे सीपीएल (कन्सील्ड पिस्टल लायसन्स). तो द्यायला कायद्याने काउंटी क्लार्कला, म्हणजे जिल्ह्यासारख्या काउंटीचं कागदपत्रांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ४५ दिवसांची मुदत दिली आहे. हे ४५ दिवस मोजायचे कधीपासून, यात मात्र बहुतेकांची गल्लत होते. अर्जाआधी करावा लागणारा पिस्तूल प्रशिक्षणाचा कोर्स झाला तो दिवस धरायचा नाही, अर्जावर सही केली तोही नाही. बोटांचे ठसे दिले, त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. त्यामुळे जो माणूस अर्ज देऊन ठसे 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतो, तो स्वतःच्याच हाताने तारीख पुढे ढकलत असतो. सगळं नीट जुळवलं तर कोर्सपासून कार्ड हातात येईपर्यंत दोन-अडीच महिने धरून चाला.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इथला कायदा गेल्या काही वर्षांत बराच बदलला आहे. जुन्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर विसंबू नका, अर्ज करायच्या आठवड्यात आपल्या काउंटी क्लार्कचं संकेतस्थळ एकदा उघडून बघा.

तुम्हाला हा परवाना लागतो का?

घरात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवायचं एवढाच हेतू असेल, तर सीपीएल लागत नाही. त्यासाठी पिस्तूल खरेदीचा परवाना वेगळा असतो, तो स्थानिक पोलीस किंवा शेरीफकडे (काउंटीचा पोलीसप्रमुख) मिळतो. स्वतःच्या घरात किंवा स्वतःच्या दुकानात पिस्तूल अंगावर बाळगायलाही सीपीएलची गरज नाही. परवाना लागतो तो घराबाहेर पिस्तूल कपड्याआड न्यायला आणि गाडीत जवळ ठेवायला.

गाडीचा मुद्दा नीट समजून घ्या. मिशिगनमध्ये सीपीएलशिवाय भरलेलं पिस्तूल गाडीत हाताशी ठेवलं, तर ते झाकलेलं आहे की उघडं, याला महत्त्व नाही. दोन्ही फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. 'सीटवर उघडंच तर होतं' हा बचाव चालत नाही. परवाना नसताना रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, न्यायचं असेल तर पिस्तूल रिकामं, बंद पेटीत आणि डिकीत.

व्हिसाचं आधी बघा

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांत निम्मी मंडळी नागरिक, काही ग्रीन कार्डवर आणि बाकीची एच-१बी किंवा एल-१ वर, असं सर्रास दिसतं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायदा पिस्तूलच काय, काडतूसही बाळगू देत नाही. राज्याने काहीही म्हटलं तरी हा फेडरल अडथळा तसाच राहतो. अपवाद मोजके आहेत. त्यातला मित्रमंडळी हमखास सुचवतात तो म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना. अपवाद कायद्यात आहे हे खरं, पण ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना इमिग्रेशन वकिलाला विचारल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं, हे ऑफिसच्या टीमबरोबर हौसेने रेंजवर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

ग्रीन कार्ड असेल तर अर्ज करता येतो. पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला जी चूक दंडावर भागते, ती तुम्हाला कुठे नेऊन सोडेल याचा नेम नाही. नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली असेल तर ती होऊ द्या, मग अर्ज करा. घाई कसली आहे?

बाकीच्या अटी

वय २१ पूर्ण हवं. मिशिगनमध्ये सलग ६ महिने राहिलेलं असावं आणि इथलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी असावं. नुकतेच दुसऱ्या राज्यातून आला असाल आणि तिथला असाच वैध परवाना तुमच्याकडे असेल, तर सहा महिन्यांची अट सुटते.

फेलनीची शिक्षा झालेली नसावी, तसा खटलाही चालू नसावा. किरकोळ वाटणाऱ्या मिसडिमिनरच्या, म्हणजे फेलनीहून हलक्या गुन्ह्यांच्या, दोन याद्या कायद्यात आहेत. एका यादीतला गुन्हा असेल तर ८ वर्षं थांबावं लागतं, दुसऱ्या यादीतला असेल तर ३ वर्षं. दारू पिऊन गाडी चालवल्याची पहिली शिक्षा तीन वर्षांच्या यादीत येते. घरगुती हिंसाचार आठ वर्षांच्या. तुमच्याविरुद्ध कोर्टाचा संरक्षण आदेश असेल किंवा कोर्टाने मानसिक उपचारांसाठी सक्तीने दाखल केलं असेल, तरीही अर्ज अडतो.

गांजा हा इथला फसवा खड्डा आहे. २०१८च्या मतदानाने मिशिगनमध्ये प्रौढांना गांजा खुला झाला, दुकानं रस्त्यारस्त्यावर आहेत. पण पिस्तूल विकत घेताना दुकानात जो फेडरल फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात गांजाच्या वापराबद्दल थेट प्रश्न आहे आणि राज्याने परवानगी दिली असली तरी फेडरल कायद्याला ते मान्य नाही, असा इशाराही आहे. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा.

कोर्स: इथे पैसे वाचवू नका

कायद्याला किमान ८ तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यातले ३ तास रेंजवर आणि किमान ३० राऊंड (गोळ्या) झाडायचे. प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांतलं हवं. बहुतेक ठिकाणी शनिवारी किंवा रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका दिवसात हा कोर्स उरकतात. फक्त ऑनलाइन बसून मिळालेलं प्रमाणपत्र इथे चालत नाही, कारण रेंजचे तास त्यात येणारच नाहीत. तशा जाहिराती दिसतात, तिथे क्रेडिट कार्ड काढू नका.

नाव नोंदवायच्या आधी विचारायच्या दोन गोष्टी. प्रशिक्षकाला राज्याची किंवा एनआरएसारख्या (नॅशनल रायफल असोसिएशन) मान्य संस्थेची मान्यता आहे का? आणि प्रमाणपत्रावर, हा कोर्स १९२७च्या पब्लिक अ‍ॅक्ट ३७२ मधल्या कलम ५जेनुसार आहे, असं वाक्य छापलेलं असतं का? हे वाक्य, प्रशिक्षकाचं छापील नाव आणि सही यांतलं काही राहिलं तर क्लार्कच्या खिडकीवरून परत यावं लागेल. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथल्या तिथे, पार्किंगमध्ये जायच्या आधी वाचा. त्यावरचं तुमचं नाव ड्रायव्हिंग लायसन्सशी अक्षरशः जुळतं का तेही बघा. वडिलांचं नाव मधे आहे का नाही, लग्नाआधीचं आडनाव कुठे राहिलंय का, अशा बाबतीत आपल्याकडे हमखास घोळ असतो.

कोर्सच्या दिवशी काय घालता याला महत्त्व आहे. बंद गळ्याचा टीशर्ट घाला. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल प्रत्येक गोळीनंतर पितळी कवच उजवीकडे फेकतं आणि ते चांगलंच तापलेलं असतं. शेजारच्या लेनमधून उडालेलं असं एखादं कवच उघड्या गळ्यातून आत गेलं की नवखा माणूस हातातल्या भरलेल्या पिस्तुलासकट नाचायला लागतो. पिस्तुलाचं तोंड तेव्हा कुठे असतं ते बघायला कोणीच नसतं. म्हणून प्रशिक्षक पहिल्या तासापासून एकच घोकून घेतात: काहीही झालं तरी तोंड समोर, लक्ष्याकडे, आणि गोळी झाडायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकवलेलं. हे बोट सवयीने तसं राहायला लागलं की अर्धी लढाई जिंकली. घरी आल्यावर पोरांना जवळ घ्यायच्या आधी कपडे बदला, हात साबणाने गार पाण्यात धुवा. रेंजवरच्या धुरळ्यात शिसं असतं.

दिवसाचा दुसरा भाग कायद्याचा. जीव घेणारी ताकद कधी वापरता येते, कधी नाही, गोळी झाडल्यानंतर काय होतं, हे वकील किंवा त्या विषयात तयार झालेला माणूस शिकवतो. जेवणानंतर डुलक्या येतात ते नेमके याच तासाला. तेवढा एक तास जागे राहा, कॉफी घ्या. तुम्हाला पुढे कधी लागलीच तर नेमबाजी नव्हे, ही माहिती लागेल.

तीस राऊंडांत कोणालाही पिस्तूल येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पिस्तूल बाळगण्याइतका हात बसायला पुढचे काही महिने नियमाने रेंजवर जावं लागतं. तो वेळ नसेल, तर परवाना काढून पाकिटात ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

क्लार्कची खिडकी आणि ठसे

अर्ज तुम्ही राहता त्या काउंटीच्या क्लार्ककडे करायचा. नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स हे ओकलंड काउंटीत, म्हणजे पाँटिअ‍ॅकला जायचं. कँटन वेन काउंटीत, स्टर्लिंग हाइट्स मॅकॉम्बमध्ये. पूर्वी दर काउंटीत एक 'गन बोर्ड' बसायचं आणि तिथे अर्जांचा निकाल लागायचा. २००१पासून कायदा असा आहे की अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागतो, आणि १ डिसेंबर २०१५पासून ती बोर्डंही गेली. आता क्लार्क आणि स्टेट पोलीस यांच्यातच काम होतं. 'परवाना का हवा' असं तिथे कोणी विचारत नाही. भारतात शस्त्र परवान्यासाठी जिवाला असलेला धोका पटवून द्यावा लागतो, पोलीस आयुक्तालयात खेटे घालावे लागतात, तसं इथे नाही.

फॉर्म स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो. घरी भरून न्या, पण सही करू नका. सही क्लार्कसमोर शपथेवर करायची असते. अपॉइंटमेंट लागते का आणि कधीची मिळते, हे काउंटीनुसार बदलतं. म्हणून माझा सल्ला असा: कोर्सची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी क्लार्कची, कोर्सनंतरच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट घेऊन टाका.

सोबत ड्रायव्हिंग लायसन्स, मूळ प्रमाणपत्र आणि ग्रीन कार्ड असेल तर तेही. शुल्क १०० डॉलर. फॉर्मवर जुनी नावं, जुने खटले, मानसिक आरोग्य यांबद्दल प्रश्न आहेत. दहा वर्षांपूर्वीचं एखादं प्रकरण 'मिटलंय' असं तुम्हाला वाटत असेल, तरी आधी कोर्टातून त्याचा कागद काढून बघा. माहीत असून खोटं लिहिलं तर ती फेलनी आहे आणि ४ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शंभर डॉलरच्या अर्जापायी एवढी जोखीम कोण घेईल?

आता ठसे. ते क्लार्ककडे, शेरीफकडे किंवा पोलीस ठाण्यात देता येतात. जिथे मिळेल तिथे द्या, पण शक्यतो अर्जाच्याच दिवशी. शुल्क १५ डॉलर. मिशिगनच्या हिवाळ्यात बोटं कोरडी पडून भेगाळतात आणि यंत्रावर रेषा नीट उमटत नाहीत, मग पुन्हा बोलावणं येतं. आदल्या तीन-चार दिवसांत रात्री हाताला क्रीम किंवा खोबरेल तेल चोळा, ठसे द्यायच्या दिवशी मात्र हात कोरडे स्वच्छ ठेवा.

ठसे दिल्याची पावती मिळते. ती जपून ठेवा. का, ते पुढे येतंय.

४५ दिवसांत काय चालतं

ठसे स्टेट पोलिसांकडे आणि तिथून एफबीआयकडे जातात. नावावरून राज्याच्या आणि फेडरल नोंदी तपासतात. क्लार्कला निकाल कळतो आणि तो परवाना टपालाने पाठवतो, नाहीतर अपात्रतेची लेखी नोटीस देतो. ही ४५ दिवसांची मुदत शनिवार-रविवार धरून आहे. अनेकांना परवाना त्याआधीच येतो. मधल्या काळात क्लार्कला फोन करून काही हलत नाही.

४६व्या दिवशीही ना परवाना आला ना नोटीस, तर काय? इथे मिशिगनचा कायदा अर्जदाराच्या बाजूने उभा राहतो. ठशांची ती पावती, सोबत ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी असेल तर, परवाना म्हणून चालते. क्लार्क परवाना किंवा नोटीस देईपर्यंत ती वैध राहते. म्हणून पावतीचा फोटो काढा, पण मूळ कागदही टाकू नका. या पावतीवर पिस्तूल खरेदी करता येत नाही, त्यासाठी वेगळा खरेदी परवाना लागतोच. आणि परवाना नेमका कुठल्या टप्प्यावर अडकलाय हे क्लार्कला विचारल्याशिवाय, निव्वळ दिवस मोजून पिस्तूल लावून बाहेर पडू नका. नोटीस टपालात असू शकते.

नोटीस आलीच तर त्यात कारण आणि चूक दुरुस्त कशी करायची ते लिहिलेलं असतं. नावसाधर्म्यामुळे किंवा अर्धवट नोंदीमुळे अडलं असेल तर कागद दाखवून सुटतं. तेही नाही झालं तर सर्किट कोर्टात दाद मागता येते. ज्याच्या जिवाला खरोखर तातडीचा धोका आहे, उदाहरणार्थ ज्याने कोर्टाचा संरक्षण आदेश मिळवला आहे, त्याच्यासाठी ४५ दिवसांचा तात्पुरता परवाना असतो. त्या माणसाला कोर्स १० कामाच्या दिवसांत करावा लागतो.

परवाना आल्यावर

पिस्तूल अंगावर असताना परवाना आणि आयडी जवळ हवेतच. पोलिसांनी गाडी थांबवली तर तुम्ही स्वतःहून, लगेच सांगायचं की पिस्तूल जवळ आहे. काच खाली करा, हात स्टिअरिंगवर ठेवा, 'माझ्याकडे सीपीएल आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, तुम्ही सांगाल तसं करतो' एवढं म्हणून थांबा. कागद काढायला ग्लव्ह कंपार्टमेंटकडे हात नेऊ नका, सांगतील तेव्हाच हलवा. सांगायला विसरलात तर पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. बायको शेजारी बसली असेल आणि तिच्याकडेही परवाना आणि पिस्तूल असेल तर तिनेही सांगावं.

पिस्तूल नेता येत नाही अशा जागांची यादी पाठच करा. शाळा, पाळणाघर, क्रीडा स्टेडियम, प्रामुख्याने दारूवर चालणारे बार, हॉस्पिटल, कॉलेजचे वर्ग आणि वसतिगृहं, २,५०० किंवा त्याहून जास्त आसनांची करमणुकीची जागा. प्रार्थनास्थळात तिथल्या प्रमुखाची परवानगी असेल तरच, म्हणजे देवळात जाताना आधी विचारा. मुलाला शाळेत सोडायला गेलात तर गाडीतून खाली उतरायचं नाही. आपल्या लोकांचा पाय इथे घसरतो तो मंडळाच्या कार्यक्रमात. गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम बहुतेकदा हायस्कूलच्या सभागृहात असतात. सुट्टीच्या दिवशी, भाड्याने घेतलेलं असलं, तरी ती शाळाच. पिस्तूल घरी, तिजोरीत ठेवून या.

दारूची मर्यादा गाडीपेक्षा कितीतरी कडक आहे: रक्तातलं प्रमाण ०.०२ टक्के. म्हणजे एक बिअरही नको.

डेट्रॉईटमध्ये गाडी चालवताना पुलाच्या पाट्यांकडे लक्ष द्या. अँबेसेडर ब्रिजच्या लेनमध्ये चुकून शिरलात तर समोर कॅनडा, आणि तिथे तुमच्या सीपीएलला शून्य किंमत. चुकलोच तर कॅनडाच्या चौकीवर विचारायच्या आधी स्वतःहून सांगणं एवढंच हातात उरतं. शिकागोला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर सामान आणायला जाताना इलिनॉयही मिशिगनचा परवाना मानत नाही, हे लक्षात असू द्या. ओहायो मानतो.

भारताच्या प्रवासाचं वेगळं सांगतो. रेंजला नेलेली बॅग कधीही विमानाच्या केबिनमध्ये नेऊ नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एखादं नऊ एमएमचं काडतूस मुंबईच्या एक्सरेत निघालं, तर तिथे शस्त्र कायद्याखाली पोलीस केस होते. पुढे वकील 'जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं' असं कोर्टात मांडेल, पण तोवर सुट्टी संपलेली असते. रेंजची बॅग वेगळी, भडक रंगाची घ्या आणि तिचा दुसरा काही उपयोग करू नका.

घरात अठरा वर्षांखालचं मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर १३ फेब्रुवारी २०२४पासून पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद ठेवणं किंवा कुलपाच्या पेटीत ठेवणं बंधनकारक आहे. ओकलंड काउंटीतल्याच ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ला विद्यार्थ्याने चार मुलांना मारलं आणि २०२४मध्ये त्याच्या आईवडिलांनाही सदोष मनुष्यवधाखाली शिक्षा झाली. मुलांच्या मित्रांचं रात्री राहायला येणं, भारतातून आलेल्या आजीआजोबांनी कपाट आवरणं, हे सगळं धरून तिजोरी निवडा. तिचा कोड घरातल्या किती जणांना सांगायचा, हे परवाना यायच्या आधीच नवराबायकोने बसून ठरवावं.

परवाना चार ते पाच वर्षं चालतो आणि तुमच्या वाढदिवशी संपतो. नूतनीकरणाचं शुल्क ११५ डॉलर. मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. गेल्या सहा महिन्यांत किमान ३ तास उजळणी आणि १ तास रेंज केल्याचं सहीनिशी सांगावं लागतं. पूर्ण कोर्स पुन्हा करावा लागत नाही. मुदत संपून एक वर्षाहून जास्त गेलं, तर मात्र आठ तासांपासून नव्याने सुरुवात.